टॉवेलाखालचा सौदा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कुणी हसलं की पुढचं सांगायची हिंमत जाते माझी. अहो, ज्याच्याशी भाव करायला गिऱ्हाईक घरून पोटभर जेवून येतं, त्या हुबळीच्या मिरचीवाल्या दत्तूनं, म्हणजे मी, गाडी घेताना जे केलं, ते शत्रूनंसुद्धा करू नये!

सुरुवात झाली हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडच्या आमच्या चहाच्या टेबलावर. रविवारी सकाळी आम्ही तिघं तिथं जमतो. मी, शामण्णा वकील, आणि धारवाडहून, सप्तापुरातून येणारे गुरुनाथ सर. तिघांनाही गाड्यांचं वेड. रस्त्यावरून गाडी गेली की चहा हातात तसाच आणि माना तिच्या मागं!

"आमच्या घरात आजोबांपासून एकच कंपनी," शामण्णा म्हणाला. "बायको आणि गाडीची कंपनी बदलायची नसते."

"बायकोला दर वर्षी सर्व्हिसिंगला पाठवावं लागत नाही, वकील," मी म्हटलं.

"मग माहेरी जाते ती काय?" सरांनी विचारलं. मग स्वतःच उसासा टाकून म्हणाले, "कंपनी कुठली का असेना, परवडते कुणाला? दूध महाग, तेल महाग. पोराच्या कॉलेजची फी बघितली की गाड्या स्वस्त वाटायला लागतात. मी तर आता गाडी नुसती पुसतो. चालवत नाही!"

शामण्णानं नुकतीच नवी गाडी घेतली होती. मी सहज विचारलं, "कितीनं कमी केली?"

"एक रुपयानं नाही. फिक्स रेट. तुझा जमाना गेला, दत्तू."

झालं! मिरचीवाला असून मला ठसका लागला. फिक्स रेट म्हणजे काय हो? अहो, देवळाबाहेरच्या नारळाचासुद्धा भाव होतो!

"ऐक, शामण्णा. हीच गाडी, हाच रंग, तुझ्यापेक्षा चाळीस हजारानं कमी आणतो. नाही आणली तर मिरची सोडून तुझ्या ऑफिसात टायपिंग करीन."

"सर, साक्षीदार की तुम्ही," शामण्णा लगेच म्हणाला. वकीलच तो.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? अहो, माझी सगळी पत त्यात! लोक माझ्याच दुकानात का येतात? तर हा माणूस घेताना दाबून घेतो, म्हणून देताना स्वस्त देतो. ही ख्याती गेली की मी आणि मिरचीची पोती, एकमेकांकडं बघत शिंकत बसायचं!

दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतीला घेऊन शोरूम गाठलं. मंजुनाथ नावाचा पोरगा पुढं आला. टाय, अत्तर, आणि साखरेत घोळलेली जीभ. "बर्री सर, या मॅडम, कॉफी गरम की थंड?"

मी ठेवणीतली सगळी अस्त्रं काढली. रंगाला नावं ठेवली. टायरला लाथ मारून बघितली. शेवटी ब्रह्मास्त्र! ताडकन उठलो आणि दाराकडं चालायला लागलो. आमच्या बाजारात उठलेल्या गिऱ्हाइकाला हाताला धरून परत बसवतात. इथं काय व्हावं? मी जवळ गेलो आणि दार आपोआप उघडलं! जा म्हणालं! गुपचूप परत येऊन बसलो.

मंजुनाथनं एक रंगीत पत्रक उघडलं आणि पॅकेज एक, पॅकेज दोन असं काहीतरी गुळगुळीत सांगत सुटला. ऐकतोय कोण? माझं डोकं चाळीस हजारात. सौभाग्यवती तिकडं गाडीत बसून आरशात केस बघत होती. मी पुढं वाकून म्हटलं, "मंजुनाथ, हे राहू दे. आतलं काय ते बोल."

त्यानं मॅनेजरकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "सर, सगळ्यांसमोर कसं बोलू?"

माझ्या डोक्यात घंटा वाजली! अरे, ही तर आमच्या धंद्यातली जुनी खूण!

सांगतो. वडिलांच्या काळी मिरचीच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. हातावर टॉवेल टाकायचा, खाली बोटं दाबायची. जितकी बोटं, तितका भाव. शेजारच्याला पत्ता नाही. आणि झालेला भाव नंतर उच्चारायचा नाही, हा धर्म!

मी पिशवीतून घाम पुसायचा टॉवेल काढला, मंजुनाथचा हात धरला आणि वरून टॉवेल टाकला.

पोरगं पांढरं पडलं. "सर, बीपी बघताय काय?"

"गप्प!" म्हटलं, आणि चार बोटं करकचून दाबली. चार म्हणजे चाळीस हजार. कमी! लहान पोराला कळेल.

त्यानं माझ्याकडं बघितलं. पत्रकाकडं बघितलं. गाडीत बसलेल्या सौभाग्यवतीकडं बघितलं. आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

"चार, सर? खरंच?"

"तोंडानं बोलायचं नाही!"

"मॅडमना सांगायचं नाही?"

"मॅडमना काय, तुझ्या साहेबालासुद्धा नाही."

"हौद्री, होय सर!" म्हणून त्यानं टॉवेलाखालीच माझा हात हलवला. सौदा पक्का! कागद पुढं करून वाचून घ्या म्हणाला, तर मी न वाचता सही ठोकली. बोटांवर विश्वास ठेवल्यावर कागद वाचणं म्हणजे समोरच्याचा अपमान हो!

पुढं दोनदा त्याचा फोन आला. "सर, एकदा कन्फर्म—"

"मंजुनाथ, शब्द म्हणजे शब्द!"

"बरं सर. मग निळा की लाल?"

मला वाटलं, पूजेचा गोंडा. म्हटलं, "तुला आवडेल तो घाल."

रविवारी टेबलावर चाळीस हजार सुटल्याच्या खुशीत मीच सगळ्यांना चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरचीभजी चारली. शामण्णाच्या घशाखाली भजं उतरेना. "कसं केलंस?" म्हणून चारदा विचारलं. मी नुसता हसलो. धर्म!

गाडी मिळायच्या दिवशी दोघांनाही मुद्दाम बरोबर नेलं. सौभाग्यवती हळदकुंकू, नारळ घेऊन उभी. मंजुनाथनं ऐटीत कापड ओढलं.

काय सांगू! आत लालभडक चामड्याच्या सीटा. बाहेर जिकडं तिकडं चकचकीत पट्ट्या. मागं बसणाऱ्यांना टीव्ही. छताला लुकलुकणाऱ्या चांदण्या. आणि गाडीच्या पोटाखाली निळा उजेड! गाडी कसली, वरातीचा घोडा!

"माझ्या गाडीला हे काही नव्हतं की," शामण्णा पुटपुटला.

"हे महाराजा पॅकेज, सर. नंबर चार!" मंजुनाथचे डोळे भरून आले होते. "साहेबांनी मॅडमसाठी गुपचूप सांगितलं. टॉवेलाखाली हात धरून! असं प्रेम मी सिनेमातसुद्धा बघितलं नाही."

शामण्णानं माझ्या खांद्यावरून बिलात डोकावलं. "दत्तू! माझ्यापेक्षा जवळजवळ लाखभर जास्त की रे! टायपिंगला कधी येतोस?"

तोंड उघडणार, तेवढ्यात सौभाग्यवतीकडं लक्ष गेलं. ती चांदण्यांकडं बघत होती. लग्नातसुद्धा माझ्याकडं असं बघितलं नव्हतं तिनं. मी तोंड मिटलं. आणि एकदा दाबलेलं बोट मागं घेणारा मी नव्हे! दात आवळून सगळे पैसे मोजले.

पण ती कुठली गप्प बसते? भरल्या शोरूममध्ये डोळे पुसत म्हणाली, "अहो भावजी, कोथिंबीर फुकट मागितल्याशिवाय भाजीवालीला न सोडणारा हा माणूस. माझ्यासाठी एका शब्दानं भाव केला नाही हो!"

"वहिनी," शामण्णा म्हणाला, "जरा जोरात सांगा. सरांना ऐकू आलं नाही."

तिनं सांगितलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरनं मला हार घातला.

हुबळी किती लहान गाव आहे, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. दुकान उघडायला गेलो तर पायरीवर माणसं. एक विमावाला. एक उणकलचे प्लॉट विकणारा. आणि त्यांच्या मागं कोण? मला वर्षानुवर्षं मिरची देणारा अडत्या बसप्पा, ज्याला मी आजवर एकदाही मनासारखा भाव मिळू दिला नव्हता. नवा सदरा घालून आला होता. मला बघून गोड हसला आणि हात जोडून म्हणाला,

"दत्तूअण्णा, आज भाव मी सांगू?"