मीनलदीदी आणि रातपाळीचा हिशेब

फोन मीनलदीदीच्या नवऱ्याचा होता. मी नवा रायपुरातल्या आमच्या ऑफिसात होते, दीदीला आज उशीर काहून झाला असेल एवढाच विचार करत... सकाळी चहा ठेवता ठेवता ती कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. महिना होऊन गेला, अजून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

तिचं तरी कधी होतं? नागपूरला सॉफ्टवेअर कंपनीत बरीच वर्षं काढून, नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून ती रायपूरला आली. ब्राह्मणपाऱ्यात घर घेतलं भाड्यानं आणि आमच्या छोट्या कंपनीत लागली. आम्ही कारखान्यांच्या आकड्यांचं विश्लेषण करतो. तेव्हा ज्यानं त्यानं आपापल्या लॅपटॉपवर कोड लिहायचा, आकडा ठीक दिसला की पाठवून द्यायचा. दीदी वैतागायची. नागपुरात दुसऱ्यानं वाचल्याशिवाय कोड पुढे जात नव्हता, सांगायची. आमचे साहेब, ज्यांना सगळे भैया म्हणतात, हसून म्हणायचे की आपण सॉफ्टवेअर नाही, रिपोर्ट बनवतो. हळूहळू तीही आमच्यासारखीच घाईत काम उरकू लागली.

मग रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलचं काम आलं. मशीन कोणत्या पाळीत जास्त बंद पडते ते शोधायचं होतं. दीदीच्या रिपोर्टात रातपाळी निघाली आणि मिलनं रातपाळीतले काही ठेकेदारीवरचे कामगार कमी केले. ते कळल्यापासून तिला चैन पडेना. बोटांवर मोजता येईल एवढा खोटा डेटा तिनं बनवला आणि आपलाच कोड त्यावर चालवला. उत्तर चुकलं. रातपाळी मध्यरात्री तारीख ओलांडते, आणि तिचा कोड मशीनचं तेच बंद पडणं दोन्ही दिवसांत मोजत होता.

भैयांचं म्हणणं, पुढच्या रिपोर्टात दुरुस्त करू, बोभाटा नको. दीदी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिली. मग माझ्यापाशी येऊन म्हणाली, "चाल माझ्यासंग. मले एकटीनं जाववत नाही."

तिच्या स्कूटीवर, ट्रकांच्या धुळीतून आम्ही उरल्याला गेलो. मॅनेजरसमोर ती बसलीसुद्धा नाही. "गलती हिसाब में थी, और हिसाब मेरा था. रात वालों को वापस बुलाइए."

मग त्यानं ठेकेदाराला फोन लावला. बहुतेक जण परत आले. एक जण खोली सोडून निघून गेला होता; दीदी रविवारी उरल्यात त्याला शोधत फिरायची, पण तो काही सापडला नाही... मिलनं आम्हाला पुढचं काम दिलं नाही, आणि भैया कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले.

त्यानंतर तिनं कोणालाच सोडलं नाही. आधी बोटांवरचा डेटा, बदल केला तर त्याचं कारण लिहायचं, आणि दुसऱ्यानं तपासल्याशिवाय आकडा बाहेर नाही. कटकट वाटायची. तुझा कोड मी काय तपासणार, असं मी एकदा म्हणाले, तर चिडली. "माझ्यावर काहून विश्वास ठेवून राहिली? चालवून पाह्य."

गेल्या आठवड्यात तिचा कोडमधला शेवटचा बदल उघडला. जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं तो मला तपासायला पाठवला होता. चालवून पाहिला. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी आकडा चुकत होता. छोटीशीच चूक, पण सांगायची कोणाला? भैया म्हणाले, तूच दुरुस्त करून पुढे जाऊ दे. मी दुरुस्त केलं. पण आता तो कोड माझाही झाला होता, आणि आपलं आपणच पास करणं काही माझ्यानं होईना. म्हणून नव्यानं लागलेल्या श्रद्धाला बोलावलं. या पोट्टीला मराठी समजतं, बोलते हिंदीच. दीदीला तिनं पाहिलंही नव्हतं.

तिनं सावकाश वाचलं, चालवलं, पुन्हा वाचलं. मग जरा चाचरत मला म्हणाली, "दीदी, जो आपने जोड़ा है ना... उसमें भी एक गलती है."

मी म्हटलं, दाखव.