अविनाश पुढच्या दारानं आला

इंदुमती पठारे समोरून येताना दिसल्या की दिल्लीच्या आर. के. पुरममधली मराठी कॅथलिक मंडळी नकळत ताठ उभी राहायची. बाई माणसाला आधी डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायच्या, आणि त्या मनात शवपेटीचं माप घेतायत याबद्दल कुणालाच शंका नसे. मूळच्या संगमनेरकडच्या, शाळेत शिवणकाम शिकवणाऱ्या. तीस वर्षं आमच्या वस्तीतली एकही मयत त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय पार पडली नव्हती. आंघोळ घालणं, कोट मागून उसवून बसवणं, गाण्याची पट्टी, चहा, सगळं बाईंकडे. मेलेल्यांनाही त्या सोडत नसत. दीनानाथ गेला तेव्हा त्याला म्हणाल्या होत्या, "जन्मभर कुणाचं ऐकलं नाहीस, आता तरी हात सरळ ठेव." आणि त्यानं ठेवला म्हणतात.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत दोन जिने पलीकडच्या कुमुदचा एकुलता एक मुलगा अविनाश गेला. सव्वीस वर्षांचा. गुडगावच्या पुढे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होता, सकाळी कंपनीच्या बसनं जायचा. वर्षभर त्याचं मन आजारी होतं. डॉक्टर झाले, औषधं झाली. एका मंगळवारी त्यानं स्वतःच आयुष्य संपवलं.

बाई टेप घेऊन पोचल्या, तर कुमुद म्हणाली, "इंदूताई, मापबिप राहू दे. भिंतीकडे जागा मिळाली तरी पुष्कळ."

भिंतीकडे म्हणजे कब्रस्तानाच्या मागच्या कडेला. तिकडे चार थडगी होती, चारही अशीच गेलेल्यांची. गावाकडून आलेला रिवाज होता तो: ज्यानं स्वतःचा जीव दिला त्याला मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, नाही, घंटा नाही, पेटी चर्चच्या आत न्यायची नाही. कब्रस्तान कमिटीचे सेक्रेटरी तात्याराव साळवे हे सांगायला आधीच येऊन बसले होते. माणूस वाईट नव्हता. डोळे पुसत पुसत नियम सांगत होते, पण सांगत होते.

पंचाईत अशी की नियम बाईंनाही मान्य होता. भिंतीकडच्या चौघांना त्यांनीच मुकाट्यानं निरोप दिला होता. पण या पोराचा लहानपणीच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचा पांढरा शर्ट त्यांनी शिवला होता, आणि त्या शर्टाच्या मालकाला मागच्या फाटकानं न्यायचं काही केल्या त्यांच्या मनाला पटेना. फादरच्या पाया पडायचं त्यांनी ठरवलं. तात्यारावांनाही बरोबर घेतलं. नंतर 'मला कुणी विचारलं नाही' म्हणायची त्यांची सवय बाईंना माहीत होती.

फादर जेरोम रांचीकडचे, नवीनच आलेले. बाईंची हिंदी म्हणजे अस्सल मराठीला शेवटी 'है' लावलेली. तीत त्यांनी अर्ज केला, की पूर्ण नको, निदान अर्धा मिस्सा द्या, घंटाही हळू वाजवू, शेजारच्या गुरुद्वाऱ्यालासुद्धा ऐकू जाणार नाही.

फादर गोंधळले. "आधा क्यों?"

तात्यारावांनी घसा खाकरून नियम ऐकवला. फादरनी मान हलवली, उठले आणि कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. चर्चनं त्र्याऐंशी साली नवा कायदा केला, त्यात ही मनाई उरलेलीच नाही, असं त्यांनी समजावलं. अशा माणसाच्या मनावर किती ओझं होतं ते देव जाणतो. चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करतं. पूर्ण मिस्सा, घंटा, ओळीतली जागा, सगळं.

"हमको किसीने बताया नहीं," तात्याराव म्हणाले.

"किसीने पूछा नहीं," फादर म्हणाले.

तात्यारावांनी ते पान तीनदा वाचलं. मग उलटून पाहिलं, मागच्या बाजूला काही अपवाद लपलाय का म्हणून. नव्हता.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तात्याराव, पंधरा वर्षं आपण देवापेक्षा कडक होतो."

तात्यारावांनी पुस्तक मिटून फादरपुढे ठेवलं. म्हणाले, "घंटा मी वाजवीन."

आणि वाजवली. सेक्टरभर लोक बाल्कनीत आले. फादर वेदीपाशी पुस्तक उघडून उभे, आणि तात्याराव थांबायलाच तयार नाहीत. शेवटी बाईंना मागे जाऊन त्यांच्या हातातला दोर काढून घ्यावा लागला. अविनाश पुढच्या दारानं, मधल्या वाटेनं आत आला. कंपनीच्या दोन बसगाड्या भरून कामगार आले होते. हरियाणवी, बिहारी, दोन सरदारजी. मिस्सात कधी उठायचं, कधी बसायचं कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे बाईंवर नजर ठेवून होते. बाई पदर सावरायला अर्ध्या उठल्या तर निम्मं चर्च उभं राहिलं. गाणं त्यांनी नेहमीच्या अशक्य पट्टीत उचललं आणि सरदारजींसकट सगळ्यांना ओढत वर नेलं.

त्याला वडिलांशेजारी, दुसऱ्या ओळीत ठेवलं. कुमुदला वाटलं होतं, झालं, आता मान खाली घालून घरी जायचं. पण सांत्वनाची रांग लागली ती फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत. कुणी खुर्ची आणली. ती म्हणाली, "उभीच राहते. लोक माझ्या अविनाशसाठी आलेत."

रांगेच्या शेवटी म्हाताऱ्या पार्वतीबाई होत्या. त्यांचे यजमान एकाहत्तर सालापासून भिंतीकडे होते. त्यांनी कुमुदचा हात धरला तो सोडेचनात. मग हळूच बाईंना विचारलं, "आमच्या यांच्यासाठी आता उशीर झाला का गं?"

बाईंनी तात्यारावांकडे पाहिलं. तात्यारावांनी खिशातून पेन काढलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "पूर्ण नाव सांगा, वहिनी."

त्या रविवारी मिस्सात चार नावं मोठ्यानं वाचली गेली, आणि घंटा पुन्हा इतकी वाजली की दोर काढून घ्यायला बाईंना दोनदा मागे जावं लागलं.