माशाचं लंघन

गाईला घास दिल्याशिवाय मंदाकिनीबाई गावी कधी जेवल्या नव्हत्या. अमेरिकेत सनीव्हेलला लेकाच्या घरी गाय कुठली? होता तो नातीचा, शर्वरीचा, काचेच्या टाकीतला, निळ्या झुलत्या परांचा ‘बेटा’ जातीचा मासा. मग दोन्ही वेळा त्यालाच चिमूटभर दाणे टाकून बाई पानावर बसू लागल्या.

आठवड्याभरात मासा पोट फुगून आडवा तरंगू लागला.

"आजी, तूपण फीड करतेस? मी रोज करते ना! ओव्हरफीडिंग झालंय. आता तीन दिवस नो फूड."

"म्हणजे लंघन! माशालाही?" बाईंना नवल वाटलं. वासराचं पोट बिघडलं की सासरे हेच सांगायचे.

तीन दिवस त्या काचेशी खुर्ची टाकून बसल्या. कल्ले कसे हलतात, पोट किती उतरलं, सारं निरखत राहिल्या. स्वतः मात्र दूध-केळ्यावर.

"आजी, तू तरी जेव ना!"

"त्याच्याआधी कशी जेवू गं?"

चौथ्या सकाळी मासा सरळ पोहू लागला. शर्वरीने टाकलेला दाणा त्याने झडप घालून गिळला.

"दिवसाचे किती लागतात याला?"

"फक्त चार. त्याचं पोट डोळ्याएवढंच असतं."

"मग त्यातले दोन माझ्या हातचे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी भात वाढून घेतला.