हिरवी जीप आणि तळ्यातले मामा

आमची जीप पहिल्यांदा घरी आली, तेव्हा ती ट्रॅक्टरला दोरानं बांधलेली होती आणि स्टेअरिंगवर मी होते.

बल्लारपूरच्या आमच्या गल्लीत झाडून सगळे बाहेर आले. मी मान ताठ ठेवून बसले होते. (ठेवावीच लागत होती. सीटची एक स्प्रिंग पाठीतून मानेपर्यंत पोचली होती.) समोरचे पानठेलेवाले गजाननभाऊ ओरडले, "वहिनी, ट्रॅक्टर जीपले वढून राह्यला, का जीप ट्रॅक्टरले?"

"जो समोर आहे तो वढते! डोळे दाखवून घ्या डॉक्टरले!" मी म्हटलं, आणि हॉर्न दाबला. तो वाजला नाही. मग तोंडानंच "पों" केलं. माघार घेणं आमच्या रक्तात नाही.

आता एका शिवणकाम करणाऱ्या बाईला जीप कशाला हवी, हा प्रश्न गल्लीनं मला रोज विचारला. त्याचं उत्तर माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर मुलचेऱ्याच्या पलीकडे, जंगलातलं एक तळ्याकाठचं गाव. माहेरी एकुलते एक भाऊ, किसनमामा. तळ्यातली मासोळी धरून संसार केलेला माणूस. मामांचे गुडघे गेले म्हणून ते येईनात, आईंना एसटीची पायरी चढवेना म्हणून त्या जाईनात. दोघं म्हातारे एकमेकांची खुशाली तिसऱ्याच्या मोबाइलवरून विचारायचे, तीही रेंज असली तर.

माझ्या दिरानं नवी कोरी पांढरी कार घेतली तेव्हा आईंनी पिशवीत हिरवं लुगडं भरलं होतं. भाऊजी पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "आई, तिकडचा रस्ता लय बेकार आहे. माया गाडीचं पोट घासते खालून."

आईंनी पिशवी पुढ्यात ओढली. पिशवीतून लुगडं काढलं, घडी पुन्हा नीट केली आणि कपाटात ठेवून दिलं.

माझं डोकं फिरलं. "भाऊजी, तुमच्या गाडीच्या पोटाले जपा. आईले मी नेतो! सोताच्या गाडीनं नेतो!" (आमच्याकडे बायकाही 'नेतो'च म्हणतात. त्या दिवशी मी जरा जास्तच जोरात म्हटलं.)

"कोणत्या गाडीनं?" आमच्या ह्यांनी घाबरून विचारलं. हे खाणीत नोकरीला. जमिनीच्या खाली जायला घाबरत नाहीत, पण जमिनीच्या वर साधी सायकलही घाबरत चालवतात.

"येईल ते पाह्यजा," मी म्हटलं. तोपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

जीप सापडली ती मूल गावाजवळ, एका जुन्या तेंदूपत्ता ठेकेदाराच्या अंगणात, मोहाच्या झाडाखाली. चारही चाकांत हवा नव्हती, टप नव्हता, पण चेहरा! दोन गोल डोळे आणि मधे दातांची रांग. बघताक्षणी वाटलं, ही आपल्यातलीच आहे. सौदा झाला, हात मिळवले, आणि ठेकेदारीणबाई मधे पडल्या.

"आज नाई नेता येत, बाई. मागच्या सीटवर कोंबडी बसून आहे."

"उठवा मंग तिले."

"अंड्यावर बसून आहे ना! पिलं निघाल्याबिगर गाडी हलणार नाई."

कार विकत घेणारे लोक बुकिंग करून महिनोन्‌महिने थांबतात. आम्ही कोंबडीसाठी थांबलो. गल्लीत कोणी विचारलं की मी ऐटीत सांगायची, "डिलिव्हरी व्हायची आहे."

आणि मग सुरू झालं दुरुस्तीपर्व. मेकॅनिक जब्बारभाऊ बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले, "भाभी, इंजिन एकदम कडक है. बस, एकच काम बाकी आहे." ते एक काम दिवाळीपासून पुढच्या दिवाळीच्या पुढे चाललं. शाळेच्या गणवेशांचा हंगाम आला की ब्रेक, लग्नसराईचे ब्लाउज आले की क्लच, अशी गाडी माझ्या मशीनवर हळूहळू उभी राहत होती. तेवढ्या काळात खाणीच्या मोकळ्या मैदानावर मी चालवायला शिकले, लायसन्सही काढलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी "मागे घ्या" म्हटलं तेव्हा त्यांचीच गाडी होती म्हणून निभावलं. माझ्या जीपचा रिव्हर्स गिअर पडतच नव्हता. म्हणून म्हणते, माघार घेणं आमच्या रक्तात नाही!

सीटा मी स्वतः शिवल्या. एका बॅण्डपार्टीचे कोट शिवून उरलेली लाल मखमल होती, तिला सोनेरी झालर लावली. टपही मीच शिवला, जाड ताडपत्रीचा. सुया मोडल्या, बोट फुटलं, पण टप झाला. चढवला तर मागून हातभर आखूड!

"अवं, माप चुकलं काय?" ह्यांनी हळूच विचारलं.

"माप बरोबर आहे. गाडीच फुगली आहे," मी सांगितलं. आयुष्यभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आले आहे.

वायरिंग जब्बारभाऊंनी केलं. हॉर्न आता वाजायला लागला, पण फक्त गाडी डावीकडे वळताना, आणि मग आपोआप, न दाबता. "फायदा है, भाभी. मोडपर हॉर्न बजाना कायदाच आहे," जब्बारभाऊ म्हणाले. पटलं मला.

राहिला रंग. एका ओळखीच्या पेंटरकडे मोठ्या गेटाच्या कामातला गर्द हिरवा रंग उरला होता. स्वस्तात मिळाला. मी आणि माझी कॉलेजातली मुलगी पिंकी, आम्ही दोघींनी ब्रशनं अख्खी जीप रंगवली. गजाननभाऊ पान लावता लावता म्हणाले, "वहिनी, रंग मात्र वेगळाच वाटून राह्यला. काही आठवते पाहून, पण काय ते ध्यानात येऊन नाई राह्यलं."

"जळता तुम्ही," मी म्हटलं. त्या माणसाला तेव्हाच आठवलं असतं तर!

मोहफुलांच्या दिवसांत एका सकाळी आम्ही निघालो. आई मागे मखमलीवर, अंगावर ते हिरवं लुगडं, शेजारी पिंकी. हे रात्रपाळी करून थेट गाडीत बसले, खाणीचा खाकी शर्ट अंगावर तसाच. भाऊजी मुद्दाम निरोप द्यायला आले होते. "वहिनी, बंद पडली तं फोन करजा. टोचन करून आणू."

"तुमच्या गाडीचं पोट सांभाळा," म्हणून मी गिअर टाकला आणि कोपऱ्यावर डावीकडे वळले. पोंऽऽऽ! सुंदर निरोप झाला.

गोंडपिपरी गेलं, आष्टीचा पूल गेला, वैनगंगा मागे पडली. इंजिन तापलं की थांबायचं, थंड झालं की निघायचं. आणि लोक! काय तो मान! टपरीवरचे लोक उठून उभे राहायचे. मुलचेऱ्याच्या अलीकडे एका बंगाली दादांच्या हॉटेलात चहाला थांबलो, तर त्यांनी न सांगता रसगुल्ले आणले, ह्यांना हात जोडून "साहेब" म्हटलं आणि पैसे काही केल्या घेईनात. मी बळेच टेबलावर ठेवून आले.

"पाह्यलं?" मी ह्यांना म्हटलं. "गाडी असली की माणसाची किंमत होते."

जंगल लागलं. समोरून सायकलींवर लाकडाच्या मोळ्या घेऊन काही माणसं येत होती. आमची जीप बघताच त्यांनी सायकली आडव्या टाकल्या आणि झाडीत दिसेनाशी झाली!

"किती सभ्य माणसं," मी म्हटलं. "रस्ता दिला आपल्याले."

"आई," पिंकी मागून म्हणाली, "सायकली टाकून कोणी रस्ता देते काय?"

"गावाकडं देतात. तुले शहरात राहून कळणार नाई."

पुढे मोहफुलं वेचणाऱ्या बाया टोपल्यांसकट उठून उभ्या राहिल्या. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. लाजल्या असतील.

मामांच्या गावात शिरायचा रस्ता डावीकडे वळतो. हॉर्न सुरू झाला तो बंदच होईना! कुत्री भुंकायला लागली, कोंबड्या उडाल्या, फटाफट दारं लागली, आणि कुणीतरी जोरात ओरडलं, "जंगलखातं आलं रे! मोठा साहेब आहे! लाल गादीवाला!"

मी ब्रेक दाबला. गर्द हिरवी जीप. खाकी शर्ट. सोनेरी झालर. गजाननभाऊंना जे आठवत नव्हतं, ते मला चौकात उभं राहून लख्ख आठवलं.

"अवं," हे शर्टाची बटणं सोडत म्हणाले, "मी बनियनवर बसू काय?"

तेवढ्यात आई टपाखालून वाकून बाहेर डोकावल्या आणि किंचाळल्या, "किसन! तो पाह्य माया किसन!"

गुडघे गेलेला म्हणून ज्या माणसाची आम्ही इतकी वर्षं काळजी केली, तो माणूस धोतर सावरत तळ्याकडे धूम पळत होता! आम्ही काठावर पोचेपर्यंत मामांनी डोंगा पाण्यात लोटला होता आणि वल्ही मारत ते पार तळ्याच्या मध्यात गेले होते.

आईंना धरून मी काठावर उतरवलं. हॉर्न एकदाचा थांबला. सगळं गाव दाराच्या फटींतून बघत होतं.

"किसन! अरे मी आहो! तुयी बहीण!" आईंचा आवाज फाटला.

मामांनी कपाळावर हात धरून निरखून पाहिलं. मग ते डोंग्यात उभेच राहिले. "बाई! तुले पकडलं काय त्याइनं?"

"नाई रे! माही सून आहे हे!"

वारा उलटा होता. त्यांना काय ऐकू गेलं देव जाणे. त्यांनी वल्हं उचललं आणि डोंगा काठाकडे वळवला. येता येता ते मोठमोठ्यानं बोलत होते, ह्यांच्याकडे बघून. "साहेब! तिले सोडा! बुढी आहे ते! लाकूड मीनं आणलं जंगलातून! दाराच्या चौकटीसाठी आणलं, इथीच पाण्यात बुडवून ठेवलं! मले न्या, पण माया बहिणीले सोडा!"

डोंगा चिखलाला लागला. मामा उतरले आणि दोन्ही हात पुढे करून ह्यांच्यासमोर उभे राहिले, बेड्या घालायला! हे बिचारे, ज्यांनी आयुष्यात कुणाला साधं "ए" म्हटलं नाही, तेच मामांच्या पाया पडले. "मामा, मी जावई... नाई नाई, भाचा! तुमचा भाचा आहो!"

मामा एकदा ह्यांच्याकडे, एकदा आईंकडे बघत राहिले. आई चिखलातून तशाच पुढे गेल्या. एका हातानं त्यांनी भावाच्या पाठीत धपाटा घातला आणि दुसऱ्या हातानं त्याला घट्ट धरलं. "मायासाठी जेलात जाऊन राह्यला काय रे मूर्खा! आन् गुडघे कुठी गेले तुये?"

"भेवानं बरे झाले," मामा म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडले. दोघंही रडले. दारं एकेक करून उघडली. पिंकी रडली. मी मात्र रडले नाही. (धूळ गेली होती डोळ्यांत. टप आखूड होता ना.)

मग काय विचारता! अर्ध्या तासात अख्खं गाव जीपभोवती जमलं. मखमलीवर हात फिरवून झाले. "पहिले रंग बदला, बाई," सरपंच म्हणाले. "नाईतं पुढच्या वेळी आम्ही सारेच तळ्यात राहू."

"रंग नाई बदलणार," मी म्हटलं. "तुम्ही लाकडं आणणं बदला." सगळे हसले, मामा जरा कमी हसले.

मामींनी ताज्या मासोळीचा बेत केला. घर लहान, माणसं फार, म्हणून तळ्याच्या पाळीवर, म्हणजे उंच बांधावर, आंब्याखाली चूल मांडायची ठरली. मी जीप पाळीवर सावलीत नेऊन लावली. हॅण्डब्रेकचा नंबर अजून लागला नव्हता, म्हणून चाकाखाली दगड ठेवला आणि निवांत मासोळी साफ करायला बसले. गप्पा अशा रंगल्या की बास. आईंना इतकं बोलताना मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. मी तर हवेतच होते. जीपनं काय केलं, मी कशी चालवली, घाटात कसा गिअर टाकला (घाट वाटेत कुठेच नव्हता), हे मी मामींना रंगवून सांगत होते.

"बाई, चुलीले तिसरा दगड भेटून नाई राह्यला," मामी म्हणाल्या.

"तुम्ही बसा, मी आणतो!" मी पदर खोचला, इकडे तिकडे पाहिलं, आणि जवळच पडलेला एक छान चौकोनी दगड उचलून आणला. जरा घट्ट बसला होता, पण मी काय हार मानते? ओढून काढला. गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, चुलीवर अगदी सरळ बसला.

"वा!" मामी म्हणाल्या. "मापाचा आहे."

"मायं माप चुकत नाई," मी म्हटलं.

आणि मागून आवाज आला: खर्रर्र... चर्रर्र... छपाक!

पाळीवरून उतरून जीप शांतपणे तळ्यात चालली होती. कुठलीही घाई नाही. बॉनेटपर्यंत गेली, एक मोठा बुडबुडा सोडला आणि थांबली. सोनेरी झालर पाण्यावर पसरली. आईंच्या हातातलं कांद्याचं ताट तसंच राहिलं. सगळ्या गावानं आधी जीपकडे पाहिलं, मग चुलीकडे, मग माझ्याकडे.

"अवं," ह्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "हा तिसरा दगड कुठला?"

एक क्षण वाटलं, आता बोलावं खरं. पण समोर अख्खं सासूचं माहेर उभं!

"कुठला म्हणजे?" मी म्हटलं. "एवढ्या धुळीतून आली गाडी. धुवायची नाई काय?"

आणि साडी वर खोचून मी सरळ पाण्यात उतरले. मामांकडून कपड्याचा साबण मागून घेतला आणि सगळ्यांच्या देखत जीप धुतली. बॉनेट घासलं, काचा घासल्या, कोणी हसू नये म्हणून इंजिनही घासलं. मग मामा आणि त्यांचे सोबती जाळ्याचे दोर बांधून ती बाहेर काढेपर्यंत मी "सावकाश, रंग निघेल" अशा सूचना देत गळ्याइतक्या पाण्यात उभी होते.

आता ऐकते, त्या गावात कोणी गाडी घेतली की आधी तळ्याकडे बोट दाखवून सांगतात, "बल्लारपूरकडं गाड्या अशाच धुतात."