अंधाराचे आठ तास

अकरा फेब्रुवारी. अंदाजपत्रकाची रक्कम दहा हजार आठशे चाळीस रुपये. हजर चौघं: मी, माझी धाकटी बहीण, दौंडमधल्या इलेक्ट्रिकलच्या दुकानाचा मालक आणि त्याच्याकडे बरीच वर्षं काम करणारा म्हातारा वायरमन.

बहीण खुटबावला दिलेली. मेहुणे गेले त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. घरात सासरे, दीर आणि जाऊ. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. पण घरामागं कोंबड्यांची एक जुनी शेड रिकामी पडली होती, दिराला तिथं गाई बांधायच्या होत्या, आणि बहिणीनं ती मागून घेतली. खिडक्यांना काळा कागद लावून आत शेवंतीची मातृरोपं ट्यूबांच्या उजेडात वाढवायची, त्यांचे शेंडे खुडून कटिंग म्हणून बागायतदारांना द्यायचे, असा तिचा बेत. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, सगळ्यांना बसवून सांगितलं होतं की यंदाच्या लावणीला माल गेला तर शेड कायमची धाकलीची, म्हणजे बहिणीची, नाही गेला तर गाई येतील. केडगावच्या एका बागायतदारानं चौदा हजार इसारही दिला होता.

शेवंतीला अंधार मोजून द्यावा लागतो. रोज आठ तास दिला तर ती नुसती वाढते. बारा तासांपर्यंत गेला की दिवस लहान झाले असं धरून ती कळी काढते, आणि कळी धरलेलं कटिंग लावायच्या कामाचं नसतं. शेड पत्र्याची, दुपारी तापणारी, म्हणून ट्यूबा संध्याकाळी सहाला लावून सकाळी दहाला बंद करायच्या ठरल्या. दहा ते सहा अंधार. हे रोज न चुकता हातानं करणं शक्य नव्हतं म्हणून टायमर.

मी शिरूरला राहतो, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करतो. आलेला कागद ओळीनं तपासायची सवय आहे. चोवीस ट्यूबा, प्रत्येकी छत्तीस वॅट, म्हणजे आठशे चौसष्ट वॅट, म्हणजे पावणेचार अँपिअर. टायमर सोळा अँपिअरचा. शिवाय मी कॉन्टॅक्टरही ठेवला. कॉन्टॅक्टर हा मोठा स्विच. ट्यूबांचा भार तो झेलतो, टायमर फक्त त्याला इशारा देतो. त्यात मी हात आखडला नाही. ट्यूबा एकदम पेटताना क्षणभर फार करंट ओढतात आणि टायमरचे पॉइंट जळतात, हे मी विचारून घेतलं होतं.

काट मारली ती एकाच ओळीवर. वायरमननं बॅटरीवाला टायमर लिहिला होता. वीज गेली तरी त्याचं घड्याळ चालू राहतं. साधा तबकडीचा टायमर त्यापेक्षा आठशे वीस रुपयांनी स्वस्त होता.

वायरमन म्हणाला, "साहेब, बॅटरीवालाच घ्या. तुमच्या त्या बाजूला दुपारची लाईट न्हाई ऱ्हात."

मी म्हणालो, दुपारी ट्यूबा बंदच असणार आहेत. वीज गेली तर गेली, तिचं काय अडणार आहे?

त्यानं माझ्या कागदाकडं पाहिलं, मग मालकाकडं. "आकडे बराबर हायेत साहेबांचे," एवढंच म्हणाला आणि साधा टायमर काढायला आत गेला. जाता जाता बहिणीला म्हणाला, "ताई, साहेब हिशेब करणार आन् शेडमदी तुमी बसणार व्हय?" ती हसली. मीही हसलो.

पहिला महिना चांगला गेला. दुपारी बारा ते चार वीज जायची ती रोजच. चारला आली की बहीण हातातलं काम टाकून शेडकडं जायची आणि थांबलेली तबकडी फिरवून चारवर आणायची. फोनवर ती हे सांगायची ते तक्रार म्हणून नव्हे. रोपं कमरेएवढ्या मांडणीवर तीन थरांत गच्च झाली होती. ती मला मोबाईलवर फोटो पाठवायची, आणि फोटोखाली फक्त थराचा नंबर.

मार्चच्या शेवटी आबा मोरीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं. दौंडला दवाखान्यात ठेवलं, आणि त्यांच्याजवळ बसायला घरात मोकळं माणूस बहीणच होतं. शेड जाऊबाईंकडं आली. पाणी त्या घालणार होत्या, पण चार वाजता गोठ्यात धारा काढायची त्यांची वेळ. टायमर कोण लावणार, असं बहिणीनं मला विचारलं.

मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून ते सोडवलं. घड्याळ चार तास मागं पडतं, तर दिवसातून एकदा चार तास पुढं करायचं. केव्हा केलं यानं काय फरक पडतो? सकाळी नऊ ही जाऊबाईंच्या सोयीची वेळ.

बहीण म्हणाली, "आन् दुपारपासनं सकाळपातुर?"

"तोपर्यंत थोडं मागं राहील. सकाळी भरून निघेल," मी म्हणालो.

खुटबावला जाऊन मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, रोज सकाळी नऊ वाजता घड्याळ लावणे, आणि तो शेडच्या दाराला आतून चिकटवला. जाऊबाईंना तबकडी फिरवून दाखवली. त्या म्हणाल्या, "दादा, माझ्या हातनं एक दिस बी चुकायचं न्हाई." आणि एक दिवसही चुकला नाही. आबा एकोणीस दिवस दवाखान्यात होते, आणि एकोणीस दिवस नवाला जाऊबाईंनी टायमर लावला.

आबांना घरी आणल्यावर आठवड्यानं केडगावचे बागायतदार कटिंग बघायला आले. मी रजा टाकून शिरूरहून निमोण्यामार्गे मोटारसायकलनं आलो होतो. त्यांनी वरच्या थरातला एक शेंडा खुडला, अंगठ्याच्या नखानं उलगडला आणि तळहातावर धरून उजेडाला नेला. मग मधल्या थरातला. मग खालच्या.

"ताई, कळी हाय ह्यात," ते म्हणाले. "समद्यातच हाय." चहा घेतला, आबांची चौकशी केली आणि गेले.

दीर जाऊबाईंकडं बघत होता. जाऊबाई रडवेल्या होऊन म्हणत होत्या की मी पुठ्ठ्यावर होतं तेच केलं. मी दुसऱ्या दिवशीही रजा घेतली आणि शेडमध्ये स्टूल टाकून बसलो. दहाला ट्यूबा बंद झाल्या. बाराला वीज गेली आणि तबकडी बारावर उभी राहिली. चारला वीज आली, मी तबकडीला मुद्दाम हात लावला नाही, ती बारापासून चालू झाली. संध्याकाळचे सहा वाजले तेव्हा तिच्यावर दोन वाजले होते. बाहेर अंधार पडला, घरातले दिवे लागले, शेड काळीच. रात्री दहाला कॉन्टॅक्टर खटकन ओढला गेला आणि चोवीसच्या चोवीस ट्यूबा पेटल्या.

दहा ते दहा. बारा तास. एकोणीस दिवस, रोज नेमानं. घड्याळ दहाच्या आत बरोबर केलं की दुपारचे चार तास दरवेळी अंधारातच मिळवले जाणार, हे तिसरीतल्या मुलानं मांडलं असतं. कधीच लावलं नसतं तरी वेळ फिरत राहिली असती आणि इतकं नुकसान झालं नसतं. बहीण करत होती तेच बरोबर होतं: चारला लावलं की सहाला उजेड. मी ते मोडून त्याजागी चुकीची वेळ दिली होती, तीही लिहून.

मी जाऊबाईंना आणि दिराला बोलावून हे सांगितलं. आबांच्या खाटेपाशीही सांगितलं. आबा म्हणाले, "चूक कुणाची ते मी इचारलं न्हाई. माल गेला न्हाई, एवढंच." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

बहीण मांडणीपाशी उभी होती. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "दादा, मी दवाखान्यात तुला तवाच इचारलं व्हतं." मग रोपं उपटायला लागली. मी खालचा थर घेतला. दोघांनी मिळून पोत्यांत भरली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात शेडमध्ये गव्हाण बांधली आणि तीन गाई आल्या. बहीण आता सकाळी केडगावला दुसऱ्याच्या रोपवाटिकेत मजुरीवर जाते आणि संध्याकाळी घरी परतते. जाऊबाई तिच्याशी पहिल्यासारख्या बोलतात, माझ्याशी जपून.

केडगावच्या बागायतदारांना इसाराचे चौदा हजार परत दिले. पैकी नऊ हजार सहाशे ट्यूबा आणि मांडण्या विकून आलेले, बहिणीनं दिले. चार हजार चारशे मी घातले. ते पैसे तिनं माझ्या हातातून घेतले नाहीत, म्हणून मी स्वतः केडगावला जाऊन त्यांच्याकडे दिले.