मराठी आवाजासाठी दुसरं माणूस

थंडी ओसरली की बाकीच्या बायका पापड-कुरडयांच्या मागे लागतात. एका वर्षी मी माणूस शोधायला लागले. लग्नासाठी नव्हे, ते केव्हाच राहून गेलं. मला मेंटर शोधायचा होता.

अंध लोकांना कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एक प्रोग्राम आहे. तो कुठल्या कंपनीचा नाही. जगभर विखुरलेली आमच्यासारखी रिकामटेकडी मंडळी तो फावल्या वेळात लिहितात आणि मागेल त्याला फुकट देतात. त्यातला मराठी आवाज मी सांभाळते. सांभाळते म्हणजे काय, तर ऑफिसातून सदाशिव पेठेतल्या फ्लॅटवर यायचं, पोळीभाजीचा डबा उघडायचा आणि एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने त्या आवाजाच्या चुका काढत बसायचं. इतकी वर्षं हा उद्योग केला, पण तो आवाज ऐकणारं एकही माणूस मी पाहिलं नव्हतं. कुणाची शाबासकी नाही, तक्रार नाही. निदान कुणी शिवी तरी द्यावी, असं वाटायचं.

आमची मंडळी दर उन्हाळ्यात कॉलेजच्या मुलांना या प्रोग्रामवर काम देतात. त्याआधी कामाच्या कल्पना मांडायच्या असतात, आणि नियम असा की प्रत्येक कल्पनेमागे मुलाला हाताशी धरून शिकवणारे दोन मेंटर हवेत. एक आजारी पडला किंवा वैतागला, तर पोर उघड्यावर पडू नये. दुसरा फार हुशार असावा असं काही नाही. विचारल्यावर उत्तर देणारा असला म्हणजे झालं. फक्त त्या वर्षी त्याने स्वतः विद्यार्थी म्हणून नाव दिलेलं नसावं. नियम शहाणपणाचाच आहे, पण मराठीसाठी दुसरा माणूस आणू कुठून?

पूर्वी एक होती. माझी कॉलेजातली मैत्रीण. नोकरीच्या पहिल्या दिवसांत आम्ही दोघींनी बुधवार पेठेत हिंडून सुटे भाग आणले, कॉम्प्युटर जोडला आणि त्यावर हा आवाज पहिल्यांदा बोलता केला होता. मग इथल्या सगळ्यांसारखी तीही अमेरिकेला गेली. काम सुटलं, तरी दुसरी मेंटर म्हणून तिचं नाव राहिलं होतं. माझ्या नावाशेजारी कुणाचं तरी नाव आहे, एवढ्यावर मी खूश होते. त्या वर्षी तिने लिहिलं, माझं नाव काढून टाक, नुसतं नाव लावणं बरं दिसत नाही. तिचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग आला. मी 'ठीक' एवढंच उत्तर पाठवलं आणि पुष्कळ रडले.

त्यात आमचं सगळं जुळवून आणणाऱ्या जर्मन बाईंनी जाहीर केलं की ज्या भाषेमागे दोन माणसं उभी नाहीत, ती पुढच्या आवृत्तीतून काढायची. म्हणजे दुसरा मेंटर मिळाला नाही तर मराठी आवाजच गेला.

मग माझी वणवण सुरू झाली. ऑफिसातल्या एकाने विचारलं, हे अप्रेझलला धरतात का? दुसऱ्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. घरी लिहिलेला कोडसुद्धा कंपनीचाच असतो, असं हळूच सांगून तो कॉफी आणायला निघून गेला, तो परत टेबलाशी आलाच नाही. एका कॉलेजातल्या प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या मुलांना नोकऱ्या हव्यात. समाजसेवेचा तास आमच्याकडे वेगळा असतो." मात्र मुलांशी बोलायला बोलावलं त्यांनी. जेवणानंतरचा तास दिला, म्हणजे निम्मी मुलं झोपलेली.

मी कल्पना मांडली होती ती अशी: मराठी आवाज गोड करायचा. तोवर तो सर्दी झालेल्या कारकुनासारखा नाकात बोलायचा. दुसरा मेंटर कशाला लागतो, विद्यार्थ्याला मेंटर का होता येत नाही, सगळं समजावलं. आणि पुन्हा पुन्हा सांगितलं की काहीही विचारायचं असेल तर आमच्या मेलिंग लिस्टवर विचारा, तिथे लिहिलेलं जगभर सगळ्यांना दिसतं. आमच्यात तीच रीत आहे. कोपऱ्यात कुजबुजलेलं धरत नाहीत. मुलांनी माना डोलावल्या.

त्या आठवड्यात माझी मेलबॉक्स तुडुंब भरली. सगळे मेल 'रिस्पेक्टेड मॅडम'ने सुरू होणारे आणि सगळे फक्त मला. लिस्टवर चिटपाखरू नाही. मी मात्र हरखले. इतक्या वर्षांत मला इतकं कुणी काही विचारलं नव्हतं. मान अवघडेपर्यंत एकेकाला सविस्तर उत्तरं लिहीत बसले.

आणि एका सकाळी लिस्टवर जर्मन बाईंचा मेल आला. मराठीच्या कल्पनेला दुसरा मेंटर नाही, त्याबद्दल एकाही विद्यार्थ्याने काही विचारलेलं नाही, रविवारपर्यंत कुणाची हरकत आली नाही तर ती भाषा काढून टाकते. मी तर पेटलेच. एकाही विद्यार्थ्याने नाही? इकडे माझी बोटं मोडायची वेळ आली! पण बाईंचं तरी काय चुकलं? त्यांना दिसलं ते त्यांनी लिहिलं. चुकलं असेल तर आमच्या वळणाचं. चारचौघांत प्रश्न विचारायचा म्हणजे आपलं अज्ञान चव्हाट्यावर मांडायचं, शिवाय मोठ्यांचा वेळ घ्यायचा. ते आगाऊपणाचं. नम्र मुलं बाजूला येऊन हळूच विचारतात. आमच्याकडे ह्यालाच संस्कार म्हणतात.

मी सगळ्या मुलांना कळवलं: आता लिस्टवर लिहा, नाहीतर कामच राहणार नाही. झालं, सगळी गायब. मूग गिळून बसली. फक्त एका मुलीचा फोन आला. शेवटच्या वर्षाला होती, खडकीला राहायची, वडील दारूगोळा कारखान्यात होते. तिला लिहायचं होतं पण धीर होत नव्हता. चुकलं तर ते कायम तिथे राहणार ना मॅडम, म्हणाली. मी म्हटलं, हो, राहणार. मग म्हणाली, "तुम्ही रविवारी आमच्या घरी याल का? दादाला भेटा."

रविवारी स्कूटर काढून गेले. कारखान्याचे क्वार्टर्स, दारात तुळस नाही पण गुलाबाच्या कुंड्या, आत शोकेसवर पांढरी बुद्धमूर्ती, आणि खिडकीपाशी कॉम्प्युटरसमोर तिचा भाऊ. त्याला दिसत नाही, हे तिने मला फोनवर सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटरमधून एक चमत्कारिक कडकडाट चालला होता. मला वाटलं, बिघडलाय. मग त्यातला एक शब्द कळला, आणखी एक कळला. तो माझा आवाज होता. म्हणजे मी सांभाळते तो. पोरगा त्याला इतक्या वेगाने पळवत होता की मला एक वाक्य धड समजेना. तो मात्र निवांत बातम्या ऐकत होता.

हा आवाज या सांभाळतात, असं बहिणीने सांगितल्यावर तो आधी खुर्चीतून उठलाच. मला वाटलं, आता आभार मानणार. तर म्हणाला, "अहो, मग ते 'डॉ.'चं जरा बघा की. दर डॉक्टरच्या पुढे 'पूर्णविराम' ओरडतंय. आणि तारखा तर वाट्टेल तशा वाचतं."

मी म्हटलं, या वर्षी आवाज गोड करायचा विचार आहे.

"गोड कशाला? मला काय लग्न करायचंय का त्या आवाजाशी?" म्हणाला. त्याला लिपिकाच्या परीक्षेचा अभ्यास करायचा होता. मराठीतल्या नोट्स, पेपर, जाहिराती, सगळं त्याला हाच आवाज वाचून दाखवायचा. गोडी गेली खड्ड्यात, आकडे आणि तारखा बरोबर आल्या म्हणजे बास. त्याने अर्धा तास माझ्या कामाची सालटी काढली आणि मी हसत ऐकत राहिले. इतकं सुख मला कुठल्याच बढतीने दिलं नव्हतं. कुणीतरी ऐकत होतं, बाई. रोज ऐकत होतं.

मग मुलीला म्हटलं, चल, हीच कल्पना मांड, आकडे आणि तारखा. लिस्टवर प्रश्न विचार, विद्यार्थी म्हणून नाव दे. दुसऱ्या मेंटरचं मी त्या बाईंच्या पाया पडून काहीतरी बघते. विद्यार्थिनी समोर दिसली तर ऐकतील कदाचित. ती कॉम्प्युटरशी बसली. तिच्या आईने चहा आणला. मुलगी एक ओळ लिहायची, दोन खोडायची. शेवटी "पाठवलं" म्हणाली आणि हात ओढणीत घट्ट धरून बसली.

मी फोनवर मेल उघडला. तिने लिहिलं होतं, मराठी काढायला माझी हरकत आहे. माझा भाऊ हा आवाज रोज ऐकतो. दुसरी मेंटर म्हणून माझं नाव लिहा.

माझं डोकंच फिरलं. "अगं, हे काय केलंस? आता या वर्षी तुला विद्यार्थी होता येणार नाही. आणि पुढच्या वर्षी तू कॉलेजात नसशील. सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतंत की."

"मग?"

"विद्यार्थी कुणीही मिळेल, मॅडम. तुम्हाला दुसरं माणूस कुठे मिळत होतं?"

विद्यार्थी काही मिळाला नाही. त्या उन्हाळ्यात तारखा आणि आकडे आम्हा दोघी मेंटरांनाच निस्तरावे लागले. पण ते पुढचं. त्या दुपारी बाईंचं दोन शब्दांचं उत्तर आलं, 'मराठी राहील', आणि दादाने ते त्या कडकडाटात मोठ्याने वाचून घेतलं. त्यांच्या आईने स्वयंपाकघरातून विचारलं, जेवूनच जाल ना? कुणाकडे कधी न थांबणारी मी, हो म्हणाले.