ऐंशीचं गाऱ्हाणं

बारावीच्या गणितात पहिलाच धडा तर्कशास्त्राचा, आणि त्यात ट्रुथ टेबल. महाडात ते माझ्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही, हे मी बिनदिक्कत सांगते. मुलं दरवर्षी एकाच जागी अडतात, ती म्हणजे ‘जर-तर’. पहिली अट खोटी असली तरी अख्खं विधान खरं कसं, बाई? मग मी सांगते, समजा ‘सावित्रीला पूर आला तर कॉलेजला सुट्टी’ अशी नोटीस लागली. पूर आला नाही, पण सुट्टी मिळाली. नोटीस खोटी ठरली का? पूर येऊनही कॉलेज भरलं, तरच ती खोटी. मुलं माना डोलावतात आणि परीक्षेत पुन्हा तीच माती खातात.

त्यात कधीच न चुकणारी एक मुलगी होती, वरंधच्या वरच्या वाडीतली. बारावीच्या निकालानंतर ती माझी पुस्तकं परत द्यायला आली. गणितात शहात्तर. मी म्हटलं, "शाब्बास! आता पुण्याला बी.एस्सी.ला जा." तर तिचे डोळेच भरून आले. तिच्या वडिलांनी ग्रामदैवतापुढे नारळ ठेवून गुरवाकरवी गाऱ्हाणं घातलं होतं: पोरीला गणितात ऐंशी मार्क पडले तर पुण्याला शिकायला धाडीन. गुरवाने ते मोठ्याने म्हटलं आणि सगळी वाडी ‘होय महाराजा’ म्हणाली. आता ऐंशी पडले नव्हते. तरी पोरीला धाडली तर देवापुढचा शब्द मोडेल, असं वडिलांचं म्हणणं.

"आणि तू मुकाट ऐकून घेतलंस?" मी अशी चिडले! "वर्षभर मी काय भिंतीला शिकवत होते?"

"बाई, दादांना कसं सांगू? ते देवाला लई भितात."

रविवारी एसटीने मी वाडीवर गेले. देवाची गोष्ट देवळातच बोलायची, म्हणून वडिलांनी गुरवालाही बोलावून घेतलं. मी पोरीच्या हातात खडू दिला. म्हटलं, "मांड."

तिने देवळाच्या फरशीवर चार ओळी लिहिल्या. ऐंशी पडले, धाडली. ऐंशी पडले, नाय धाडली. नाय पडले, धाडली. नाय पडले, नाय धाडली. आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायला लागली, "दादा, हितं शब्द मोडला?"

पहिलीला वडील म्हणाले, "नाय." दुसरीला, "मोडला. सरळ मोडला." तिसरीला अडकले. माझी बारावीची मुलं अडकतात तिथेच.

"मोडला... थांब जरा." त्यांनी गुरवाकडे बघितलं.

गुरव म्हणाला, "ऐंशी नाय पडले तर काय करशील, ते तू बोललाच नव्हतास. गाऱ्हाणं मीच घातलंय, मला ठावं हाय."

मग वडील म्हणाले, "नाय मोडला." चौथ्या ओळीलाही त्यांनी लगेच मान हलवली, नाय मोडला.

मी खुशीत म्हटलं, "झालं तर मग! सुटला प्रश्न!"

पण ते उठले नाहीत. चौथ्या ओळीकडेच बघत राहिले. "म्हंजे बाई, हिला घरी ठेवली तरी देवाचा कोप नाय?"

खोटं बोलावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण ट्रुथ टेबल शिकवणारी बाई खोटं कशी बोलणार? "नाही," मी म्हटलं. "ठेवायला तुम्ही मोकळे आहात." त्या क्षणी मला माझ्याच गणिताचा असा संताप आला!

"हिची आय गेल्यापासून घरात आमी दोघंच," ते म्हणाले. "ही गेली की घर खायला उठंल. देवाचं नाव पुढं केलं, ते सोपं व्हतं बाई. आता नाय म्हणायचं तर ते माझ्याच तोंडानं म्हणावं लागंल."

पोरगी खडू हातात धरून उभीच होती. त्यांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. गुरवाने मान दुसरीकडे वळवली. मी जागची हलले नाही.

"नाय जमत गो मला," ते शेवटी म्हणाले. "जा, फारम भर."